मोटन हायस्कूल : मुलांनी लढलेली लढाई

अमेरिकेतल्या शाळांमधला वर्णभेद मोडल्याचं श्रेय बहुधा वकील आणि न्यायाधीशांच्या पदरात पडतं. व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल गावी विटांची एक एकमजली इमारत आहे. तिथल्या संग्रहालयात हे श्रेय आधी मुलांना मिळतं, आणि तेच न्याय्य आहे.

प्रिन्स एडवर्ड काउंटीने 1939 मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधलेलं हे रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूल. सोय 180 विद्यार्थ्यांची. 1951 पर्यंत पट साडेचारशेवर गेला. व्यायामशाळा नाही, जेवणघर नाही. नवी इमारत मागणाऱ्या पालकांच्या तोंडाला काउंटीने पानं पुसली : आवारात लाकडी खोपटी ठोकली आणि त्यांना डांबरी कागद गुंडाळला. पावसात ती गळत. थंडीत शेगडीजवळचा मुलगा भाजून निघे, कोपऱ्यातला कोट घालून कुडकुडे.

23 एप्रिल 1951 रोजी मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना खोटा फोन करून गावात पाठवण्यात आलं. सोळा वर्षांची बार्बरा जॉन्स सभागृहाच्या मंचावर उभी राहिली. शिक्षकांना तिने बाहेर जायला सांगितलं. ऐकेनात तेव्हा पायातला बूट काढून बाकावर आपटला. केवढं हे धाडस! सगळी शाळा संपावर गेली. या कटाची कल्पना नसलेल्या मुख्याध्यापकांची नोकरी पुढे गेलीच.

मुलांना हवी होती फक्त चांगली शाळा. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांनी मात्र बजावलं : वेगळ्या शाळा बंद करा, असं मागणार असाल तरच लढू. मुलं आणि पालक तयार झाले. 117 विद्यार्थ्यांच्या नावे दाखल झालेला दावा 'ब्राउन' खटल्यातल्या पाच दाव्यांपैकी एक ठरला. त्या पाचांत विद्यार्थ्यांच्या संपातून उभा राहिलेला हा एकटाच. याच खटल्यात 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

काउंटीने त्याचा सूड उगवला. 1959 मध्ये तिने सगळ्या सरकारी शाळांना टाळं लावलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलं कुणी दूरच्या नातेवाइकांकडे गेली, कुणी शेतात राबली. सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला, तेव्हा 1964 मध्ये शाळा उघडल्या.

जुनी इमारत वाचवण्यासाठी मार्था फॉरेस्टर महिला परिषदेने कंबर कसली. संपाच्या पन्नासाव्या वर्षी, 2001 मध्ये, इथे संग्रहालय सुरू झालं. पाहणीची सुरुवात होते ती त्याच सभागृहापासून. शिक्षण हुकलेल्यांसाठी व्हर्जिनियाने शिष्यवृत्ती काढली 2004 मध्ये. तोवर 1959 ची ती शाळकरी मुलं पन्नाशी ओलांडून गेली होती.