परसातील बदकांचे तळे : रचना आणि लागवड

बंगळूर शहराच्या पूर्वेस सुमारे २५ किलोमीटरांवर होसकोटे हे गाव आहे. मराठी वाचकास ते इतिहासातून थोडेफार परिचित असते. सतराव्या शतकात विजापूर दरबाराकडून शहाजीराजांस मिळालेल्या कर्नाटकातील जहागिरीत बंगळूर व कोलार यांच्याबरोबर होसकोट्याचाही समावेश होता. गावाची दुसरी ओळख म्हणजे तेथील विस्तीर्ण तलाव. दक्षिण पिनाकिनी नदीच्या पाण्यावर भरणाऱ्या या तलावाचा बांध सुमारे दोन मैल लांबीचा आहे.

असा तलाव, ज्यास कन्नड भाषेत ‘केरे’ म्हणतात, म्हणजे नुसता खड्डा नव्हे. पाणी आत येण्याची वाट, ते साठण्याची जागा आणि जादा पाणी बाहेर पडण्याची वाट अशी त्याची तीन अंगे असतात. यांपैकी एकही अंग अधू झाले तर तलाव एकतर कोरडा पडतो किंवा नासतो. घराच्या परसात दोन-चार बदकांसाठी जे लहानसे तळे करावयाचे, त्यासही हाच नियम लागू पडतो. परसातील बहुतेक तळी अल्पावधीत दुर्गंधीची डबकी होतात, त्याचे कारण तिसऱ्या अंगाचा, म्हणजे बाहेर जाण्याच्या वाटेचा, विचारच केलेला नसतो.

बदकास पाणी कशासाठी लागते?

बदक पोहल्यावाचून जगू शकते. परंतु डोके पूर्णपणे बुडेल इतके पाणी त्यास नित्य मिळालेच पाहिजे. नाकपुड्या व डोळे ते पाण्यात बुडवूनच स्वच्छ करते. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतून स्रवणारे तेल चोचीने पिसांवर पसरण्यापूर्वी पिसे धुतलेली असावी लागतात. पाण्याचा अभाव झाल्यास पिसे विस्कटतात व डोळ्यांचे विकार उद्भवतात.

मात्र ज्या पाण्याने बदक स्वच्छ होते, तेच पाणी बदकामुळे मलिन होते. एक प्रौढ बदक दिवसाकाठी शंभर ग्रॅमांहून अधिक ओली विष्ठा टाकते. चार बदकांचा वर्षाचा हिशेब केल्यास हे प्रमाण दीडशे किलोंच्या घरात जाते. त्याचा बराच भाग तळ्यात पडतो. शिवाय चोचीने उकरलेली माती व सांडलेले धान्य आहेच.

तळे का नासते?

विष्ठेतील नत्रयुक्त द्रव्यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. दगड, वाळू व मुळे यांच्या पृष्ठभागावर वाढणारे काही जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे नायट्रेट वनस्पतींचे अन्न होय. जीवाणूंच्या या कार्यास प्राणवायू लागतो. आता, समुद्रसपाटीस २० अंश सेल्सियस तपमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांस हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमांवर येते. होसकोट्यासारख्या सुमारे ९०० मीटर उंचीवरील प्रदेशात ते आणखी घटते. म्हणजे उन्हाळ्यात कुजण्याची क्रिया वेगाने चालते, आणि नेमका त्याच वेळी पाण्यातील प्राणवायू कमी होतो. तो संपला की वेगळ्या जातीचे जीवाणू प्रबळ होतात व पाण्यास दुर्गंधी येते.

हा प्रश्न केवळ दुर्गंधीचा नाही. तळाशी कुजलेला गाळ व मेलेले जीव साचल्यास त्यात बॉट्युलिझम या विषबाधेचे जीवाणू वाढू शकतात. त्या विषाने बदकाची मान लुळी पडते, आणि पुष्कळदा पक्षी दगावतो. म्हणून तळे स्वच्छ राखणे हा हौसेचा नव्हे, तर पक्ष्यांच्या जीविताचा प्रश्न आहे.

आधी पाण्याचा हिशेब

होसकोट्याचा परिसर पर्जन्यमानाच्या दृष्टीने मध्यम असून भूजल खोल गेलेले आहे. तळे खोदण्यापूर्वी त्यास लागणारे पाणी कोठून येणार, हे ठरविणे अगत्याचे आहे.

चार बदकांसाठी ३ मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि मध्यभागी ६० सेंटिमीटर खोल असे उतरत्या काठांचे तळे घेऊ. त्यात सुमारे ३,००० लिटर पाणी मावते. त्याच्या जोडीला २ चौरस मीटरांचा वनस्पतींचा वाफा धरल्यास एकूण पृष्ठभाग साडेनऊ चौरस मीटर होतो. उन्हाळ्यात रोज ६ मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाते असे धरल्यास रोजची घट ५७ लिटर, म्हणजे महिन्याची सुमारे १,७०० लिटर होईल. याशिवाय दर पंधरवड्यास तळ्यातील पाव हिस्सा पाणी बदलल्यास महिन्यास १,५०० लिटर लागतील. जानेवारी ते एप्रिल या चार कोरड्या महिन्यांसाठी एकूण गरज सुमारे १३,००० लिटरांची ठरते.

आता ५० चौरस मीटरांच्या छपरावर वर्षात ७०० मिलिमीटर पाऊस पडला व त्याचा पाचवा हिस्सा वाया गेला, तरी २८,००० लिटर पाणी हाती येते. पाणी पुरेसे आहे. प्रश्न साठवणीचा आहे. तेवढे मोठे टाके बांधणे शक्य नसल्यास दोनच बदके पाळावी व तळे निम्मे करावे. कूपनलिकेवर विसंबून मोठे तळे करणे शहाणपणाचे नव्हे.

खोदाई आणि अस्तर

जागा अशी निवडावी की, दुपारनंतर तीवर सावली येईल. ती विहिरीपासून दूर व फळझाडांच्या वरच्या अंगास असावी. पेरू, केळ व शेवगा ही झाडे खालच्या बाजूस असल्यास तळ्यातून सोडलेले पाणी आपोआप त्यांच्या मुळाशी जाते. मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळी वाढविण्याची जी घरगुती रीत आहे, तिचाच हा विस्तार होय.

या भागातील तांबड्या मातीतून पाणी झिरपते, म्हणून तळ्यास अस्तर लागते. चिकण माती मळून, तुडवून, तिचा वीतभर जाड थर देण्याची पद्धत जुनी व स्वस्त आहे. परंतु बदके चोचीने माती उकरतात, म्हणून तीवर सपाट दगड बसवावे लागतात. जाड प्लॅस्टिकचे कापड वापरल्यास त्यासही नखांपासून असेच संरक्षण द्यावे. सिमेंटचे अस्तर टिकाऊ असते. मात्र नव्या सिमेंटमुळे पाणी क्षारधर्मी होते. म्हणून तळे दोन-तीन वेळा भरून, काही दिवस ठेवून, रिकामे करावे व मगच वापरास घ्यावे.

एका बाजूचा उतार एकास तीन या प्रमाणात मंद ठेवून तेथे खरबरीत ग्रॅनाइटच्या लाद्या बसवाव्या, म्हणजे बदकांस सहज चढउतार करता येतो. तळाच्या सर्वांत खोल ठिकाणी तीन इंची नळ व त्यास झडप बसविणे अत्यावश्यक आहे. हीच ती बाहेर जाण्याची वाट. ही सोय नसल्यास गाळ बादलीने उपसावा लागतो, आणि काही आठवड्यांतच ते काम टाळले जाऊ लागते. लहान मुले असलेल्या घरात तळ्याभोवती कुंपण हवेच.

लागवड

बदकांच्या तळ्यातच वनस्पती लावल्यास त्या टिकत नाहीत. कोवळे कोंभ खाल्ले जातात व मुळे उपटली जातात. म्हणून शेजारी खडीचा स्वतंत्र वाफा करावा : २ मीटर लांब, १ मीटर रुंद, अर्धा मीटर खोल. खाली मोठे दगड व वर बारीक खडी भरावी. तळ्यातील पाणी आधी एका लहान खड्ड्यात गाळ बसण्यासाठी थांबवून, नंतर वाफ्यातून फिरवून, लहान पंपाने परत तळ्यात आणावे. वाफ्यातील पाणी खडीच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन बोटे राहील असे पाहावे, म्हणजे तेथे डास अंडी घालू शकत नाहीत. खडीवर जीवाणूंचा थर वाढतो व मुळे नायट्रेट शोषून घेतात.

या वाफ्यासाठी कर्दळ, वाळा, वेखंड, लव्हाळ्याच्या जाती व पाणकणीस या वनस्पती योग्य होत. एकेका फुटावर रोप लावल्यास वीसेक रोपे पुरतात. महिन्या-दोन महिन्यांनी पाने कापून बाहेर काढावी. पाने तेथेच कुजू दिल्यास शोषलेले नत्र पुन्हा पाण्यात उतरते. जलपर्णी मात्र कदापि आणू नये. तिने बंगळूरच्या तलावांची जी दशा केली, ती सर्वश्रुत आहे. कण्हेर विषारी असल्याने ती बदकांच्या वावरात नसावी.

निराळ्या उथळ टाकीत अझोला वाढवावा. या लहान पाणनेच्याच्या पानांत राहणारे नीलहरित सूक्ष्मजीव हवेतील नत्र स्थिर करतात. तो बदकांस आवडतो व खाद्याचा काही भाग भरून काढतो. या टाकीत डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी मासे सोडावे.

पक्षी आणि दक्षता

लागवडीनंतर सहा ते आठ आठवडे मुळे धरू द्यावी व नंतर बदके आणावी. खाकी कॅम्पबेल ही जात इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीमती अडेल कॅम्पबेल यांनी सिद्ध केली. तिची मादी वर्षास तीनशेच्या आसपास अंडी देऊ शकते. आईवाचून वाढविलेल्या पिलांच्या मऊ लवेवर तेलाचा लेप नसतो. पिसे येईपर्यंत त्यांस खोल पाण्यात सोडल्यास ती भिजून गारठतात. बुरशी आलेली भुईमुगाची पेंड बदकांस विषासमान आहे. रात्री कुत्री व मुंगूस यांपासून रक्षणासाठी बंदिस्त खुराडे असावे. बदके बहुधा पहाटे अंडी घालतात; सकाळी थोडे उशिरा सोडल्यास अंडी खुराड्यातच मिळतात.

हिवाळ्यात होसकोट्याच्या तलावावर तलवार बदक, थापट्या इत्यादी स्थलांतरी पाहुणे उतरतात. हळदीकुंकू बदक तर तेथे बारमाही दिसते. रानबदकांच्या शरीरात बर्ड फ्ल्यूचे विषाणू कोणतेही लक्षण न दाखविता राहू शकतात. २०१२ च्या ऑक्टोबरात बंगळूरजवळील हेसरघट्टा येथील शासकीय कुक्कुटसंस्थेत हा रोग आढळला, तेव्हा तेथील पक्ष्यांचा नाश करावा लागला. म्हणून पाळीव बदके तलावावर नेऊ नयेत, तलावाचे पाणी परसातील तळ्यात आणू नये, आणि एकाएकी अनेक पक्षी मेल्यास त्यांस हात न लावता पशुवैद्यकीय खात्यास त्वरित कळवावे.

आठवड्यातून एकदा झडप उघडून तळाचा गाळ झाडांकडे सोडणे, पंधरवड्यास पाव हिस्सा पाणी बदलणे, आणि वेळच्या वेळी पाने कापणे एवढी तीन कामे नियमाने झाली, तर विष्ठेतील नत्र कर्दळीच्या पानांत व केळीच्या घडांत जाते आणि पाणी बदकांसाठी निर्मळ राहते. पक्ष्यांची संख्या पाण्याच्या साठ्यावरून ठरवावी. पक्षी आधी आणून पाणी मागाहून शोधू नये.