बंद गिरणीचे आवार

(द्वितीय वर्ष, कला)

इचलकरंजीत यंत्रमाग म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसविला, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी उद्योगाला उत्तेजन दिले आणि गाव कापडाचे झाले. पण माग जेथे चालतो त्या जागेचा विचार आपण क्वचितच करतो. कारखाना बंद पडल्यावर त्या जागेचे काय होते आणि काय होऊ शकते, हे या लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम जुन्या गिरणीची इमारत समजून घेऊ. साळखात्याचे छप्पर पुष्कळदा करवतीच्या दात्यांसारखे असे. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि ती उत्तरेकडे तोंड केलेली. आपल्याकडे सूर्य वर्षातील बराच काळ दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे या काचांतून फारसे ऊन न येता सारखा, शांत उजेड येतो व मागावर तुटलेला धागा चटकन दिसतो. छत उंच, खांब दूर दूर, भोवती मोठे आवार आणि पुष्कळ ठिकाणी पाण्यासाठी राखलेले तळे. आता कचेरीत बसून काम करणाऱ्याला काय हवे असते? उजेड, वारा, चार पावले टाकायला जागा. म्हणजे जे हवे ते या इमारतीत मुळातच आहे.

म्हणून अशी इमारत न पाडता ती बदलण्याची पद्धत जगात रूढ झाली आहे. मधल्या भागातील छप्पर काढले की आपल्या वाड्यासारखा चौक तयार होतो. तापलेली हवा वर निघून जाते आणि कडेच्या खोल्यांना वारा लागतो. चौकात झाडे लावली की सावली मिळते, तळे साफ केले की पावसाचे पाणी साठते. मात्र एक काळजी घ्यावी लागते. वर्षानुवर्षे तेल आणि रसायने मुरलेली माती आधी तपासावी लागते. जर्मनीतील ड्युइसबुर्ग येथे १९८५ साली बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्याचे उद्यान करताना वास्तुरचनाकार पीटर लाट्झ यांनी जुन्या भट्ट्या तशाच उभ्या ठेवल्या. आज लोक त्या भट्टीवर चढून शहर पाहतात.

हे सारे आपल्याकडे का झाले नाही? त्यासाठी मुंबईच्या गिरणगावाकडे पाहावे लागेल. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या आणि सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या नियमानुसार या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हावयाचे होते: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकासाठी. १९९६ साली वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांचा अभ्यासगट नेमण्यात आला. या जमिनींचा सुटा सुटा विचार न करता एकत्र योजना करावी, असे त्याचे म्हणणे होते. परंतु २००१ साली नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची न होता फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जागेची करावी, असे ठरले. गिरणीचे बहुतेक आवार बांधकामाने व्यापलेले. तेव्हा शहराच्या वाट्याला किती येणार, हे उघड आहे. उच्च न्यायालयाने २००५ साली शहराच्या बाजूने निर्णय दिला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. फिनिक्स मिलच्या जागी मोठा बाजार झाला, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि उपाहारगृहे दाटली. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर तेथील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ माणसे मृत्युमुखी पडली. मोकळी जागा ही केवळ शोभेची वस्तू नाही. प्रसंगी ती जीव वाचविते.

जवळचे उदाहरण कोल्हापूरचे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली स्थापन केलेली शाहू मिल या शतकाच्या आरंभी बंद पडली. तिच्या आवारात महाराजांचे स्मारक व्हावे अशी मागणी आहे. २०२२ साली महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या कृतज्ञता पर्वात तेथे कार्यक्रम झाले, तेव्हा बंद दरवाजा लोकांसाठी उघडला. स्मारक जरूर व्हावे. पण ज्या राजाने लोकांना काम मिळावे म्हणून गिरणी काढली, त्याच्या स्मारकात कामही असावे. करवती छपराखाली शिवणकाम, नक्षीकाम, संगणक यांच्या कार्यशाळा, मध्ये झाडांचा चौक आणि एका दालनात गिरणीचा इतिहास, असे का होऊ नये?

आता आपल्या गावाकडे वळू. येथे मुंबईसारख्या अवाढव्य गिरण्यांपेक्षा घराला लागून असलेले लहान कारखानेच अधिक. माझे वडील अशाच एका ठिकाणी बारा तासांच्या पाळीत माग चालवितात. आई घरी कांड्या भरते. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. कमी छताच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात काय होते आणि खटखटाटात माणूस मोठ्याने का बोलू लागतो, हे मला कोणी सांगावे लागत नाही. म्हणून मला वाटते की हिरवळ आणि वारा केवळ कचेरीतल्या माणसासाठी असू नये. चालू कारखान्याचे छप्पर थोडे उंच करून वाऱ्याला वाट देता येते, उत्तरेकडून उजेड घेता येतो, चार कारखान्यांत मिळून एक मोकळे अंगण राखता येते.

२०२२ साली इचलकरंजीची महानगरपालिका झाली. शहर वाढेल, जुन्या शेड पाडल्या जातील, जमिनींचे भाव चढतील. त्या वेळी मुंबईचा धडा विसरता कामा नये. वाटणी आधी ठरवावी आणि ठरलेली मोडू नये. जागेवर मालकाचा हक्क आहे, पण जिने तेथे आयुष्यभर कांड्या भरल्या तिला त्या आवारात एखाद्या झाडाखाली बसता येईल, एवढा वाटा तिचाही आहे.