जपानमधील संशोधन-विद्यार्थी
जपान सरकार १९५४ सालापासून परदेशी विद्यार्थ्यांस जी शिष्यवृत्ती देत आले आहे, तीतील ‘केन्क्यूसेई’ (पदवीसाठी नाव न नोंदविता प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली अभ्यास करणारा विद्यार्थी) हा दर्जा म्हणजेच पीएच.डी.चा प्रवेश, असा समज बराच रूढ आहे. वस्तुतः कचेरीत उमेदवारी करणारा इसम जसा दफ्तर हाताळतो, कामाची रीत शिकतो, परंतु नेमणुकीचा हुकूम हाती येईपर्यंत हुद्देदार ठरत नाही, तद्वतच हा विद्यार्थी जपानी शिकतो, ग्रंथालय धुंडाळतो, चर्चासत्रांस बसतो, आणि हा पूर्वतयारीचा काळ मोलाचाच असतो. मात्र पदवी हवी असल्यास विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत त्यास स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. शिष्यवृत्तीची मुदतही आपोआप वाढत नाही. मुदतवाढीकरिता निराळा अर्ज लागतो. इच्छुकांनी हा भेद ध्यानी घेऊनच वकिलातीकडे अर्ज करावा.