विंचवाचं विष आणि पहिल्या वर्षाचं पुस्तक

कोल्हापुरात कळंब्याजवळ शेंडा पार्कात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इथला विद्यार्थी, राज्यातल्या इतर एमबीबीएसवाल्यांसारखाच, पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन शिकतो. पुढे पदव्युत्तर प्रवेशासाठी नीट-पीजी येते: एकोणीस विषय, 200 प्रश्न, साडेतीन तास. रिव्हिजनला बसताना बरेच जण हे विषय वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात. आधी पहिल्या वर्षाचे उरकायचे, मेडिसिन-सर्जरी शेवटी. माझ्या मते इथेच चुकतं. मूलभूत विज्ञानाची उजळणी रुग्णाच्या लक्षणापासून सुरू व्हायला हवी.

याचा महाराष्ट्रातला सर्वांत ठळक दाखला महाडचा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1970च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रात काम करू लागले, तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, दगावत असत. त्यांनी लक्षणं बारकाईनं टिपली: दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसात पाणी. 1982 साली ही निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये आली. या विषानं मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडेच राहतात, अॅड्रेनलिनसारखी द्रव्यं रक्तात उसळतात आणि रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा रिसेप्टरना चेतवतात. वाहिन्या आकसल्या की हृदयाला त्या दाबापुढे रक्त ढकलणं जमत नाही. इथवर शरीरक्रियाशास्त्र. अल्फा रिसेप्टर अडवणारं प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध आधीपासून वापरात होतं, ते औषधशास्त्रातलं. बावस्करांनी हे दोन धडे रुग्णाच्या खाटेशी जोडले आणि एका साध्या गोळीनं मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. घाम आणि गार हातपाय ही नुसती यादी म्हणून पाठ केली असती, तर तिच्यातून प्राझोसिन सुचलं नसतं.

असामान्य डॉक्टरचं उदाहरण सामान्य विद्यार्थ्याला कसं लागू होईल, असं कुणी म्हणेल. पण कॅनडात वुड्स आणि सहकाऱ्यांनी नवशिक्यांवरच प्रयोग केला. एका गटाला आजारांच्या लक्षणांची यादी दिली, दुसऱ्याला लक्षणांमागचं कारणही सांगितलं. लगेच घेतलेल्या चाचणीत दोन्ही गट सारखेच ठरले. आठवड्यानंतर कारण कळलेल्यांचं निदान अधिक अचूक आलं. परीक्षा वाचनानंतर लगेच नसते, म्हणून हा फरक मोलाचा. शिवाय आठवण पक्की होते ती पुन्हा वाचून नव्हे, तर पुस्तक मिटून स्वतःला विचारून. अमेरिकेत लार्सन, बटलर आणि रोडिगर यांनी 2009 साली निवासी डॉक्टरांवर हे तपासलं. सहा महिन्यांहून अधिक काळानंतर, वारंवार चाचणी दिलेल्या विषयात त्यांना 39 टक्के गुण मिळाले, नुसत्या वारंवार वाचलेल्या विषयात 26 टक्के.

मुख्य आक्षेप वेळेचा आहे. प्रश्नामागे जेमतेम एक मिनिट, चुकलं की गुण कापले जाणार. मग कारणं शोधत कोण बसेल? पण कारणं शोधायची आहेत ती परीक्षा हॉलमध्ये नव्हे, रिव्हिजनच्या महिन्यांत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अनुभवी डॉक्टर रोज जीवरसायन आठवत नाहीत. खरं आहे. नेदरलँड्सच्या बोशुइझेन आणि श्मिट यांनी 1992 साली मांडलं, की ते ज्ञान पुसलं जात नाही, निदानाच्या संकल्पनांत सामावून जातं आणि गरज पडली की तिथूनच उलगडतं. आधी शिकलंच नसेल, तर सामावणार काय? औषधांचे डोस आणि नसांची नावं मात्र घोकावीच लागतात, त्याला इलाज नाही.

एमबीबीएसच्या 2019च्या अभ्यासक्रमानं पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याला रुग्णाजवळ नेण्याची तरतूद केली. रिव्हिजनची सवयही त्याच दिशेनं बदलायला हवी. घरात परीक्षेची तयारी करणारं कुणी असेल, तर ‘किती पानं झाली’ असं विचारू नका. ‘विंचू चावल्यावर हातपाय गार का पडतात, पुस्तक न बघता मला समजावून सांग’ असं म्हणा.