एका ओळीत उभा राहणारा प्रकल्प

टर्मिनलमध्ये एक ओळ टंकायची, दोन-तीन प्रश्नांची उत्तरे बाणाच्या कळांनी निवडायची, की मिनिटभरात वेबसाइटचा पाया तयार होतो. वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्या मुलांना ही ओळ आज पहिल्याच आठवड्यात भेटते. यूट्यूबवरचा शिक्षक ती टंकतो, मुलेही टंकतात आणि ब्राउझरमध्ये नमुन्याचे पान झळकते. चार दिवसांनी पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर येतो, शिक्षकाच्या व्हिडिओत तो कुठेच नसतो, आणि ‘आपल्याला हे जमणार नाही’ असे ठरवून लॅपटॉप मिटला जातो.

अशा वेळी बहुतेकदा प्रोग्रामिंग चुकलेले नसते. त्या एका ओळीने मागे काय काय केले, हे कोणी सांगितलेले नसते. ते उलगडून सांगण्यासाठी हा लेख. कमांड अर्थातच रोमन लिपीत टंकायच्या. इथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

काळ्या खिडकीचे घराणे

केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ साली युनिक्सची सुरुवात केली, तेव्हा संगणकाशी बोलायचे साधन म्हणजे टेलिटाइप, म्हणजे कागदावर खडखड छापणारे यंत्र. त्या काळचे मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला फक्त १० अक्षरे छापत असे. कळा जड आणि छपाई संथ, त्यामुळे कमांड जितक्या आखूड तितक्या बऱ्या. फाइलींची यादी दाखवणारी ‘एलएस’, नक्कल करणारी ‘सीपी’, हलवणारी ‘एमव्ही’ या दोन अक्षरी कमांड त्याच घराण्यातल्या. यंत्रे संग्रहालयात गेली. कमांड अजून रोजच्या वापरात आहेत.

दिसणारी खिडकी म्हणजे टर्मिनल, आणि आपण टंकलेले वाचून त्याप्रमाणे काम करून घेणारा प्रोग्राम म्हणजे शेल. ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेला बॅश हा शेल १९८९ चा. लिनक्सवर तो बहुतेक ठिकाणी भेटतो. ॲपलने २०१९ पासून मॅकवर झेड-शेल हा ठरलेला शेल केला. विंडोजवर २००६ पासून पॉवरशेल आहे, आणि २०१६ पासून विंडोजच्या पोटातच लिनक्स चालवण्याची सोयही झाली आहे.

माऊस हाताशी असताना हे सगळे कशाला? वेबसाइट ज्या सर्व्हरवर चालतात ते बहुतेक लिनक्सवर असतात आणि तिथे क्लिक करायला काही नसते. शिवाय कमांड जशीच्या तशी लिहून ठेवता येते, मैत्रिणीला पाठवता येते, उद्या पुन्हा चालवता येते. ‘डावीकडच्या तिसऱ्या बटणावर दाब’ असे फोनवर समजावत बसावे लागत नाही.

आधी रिकामे फोल्डर

पहिला प्रकल्प त्या एका ओळीने, म्हणजे तयार साच्यातून, काढू नये. चार कमांड पुरतात. ‘पीडब्ल्यूडी’ आपण कुठल्या फोल्डरात आहोत ते सांगते, ‘एलएस’ तिथे काय आहे ते दाखवते, ‘एमकेडिर’ नवे फोल्डर करते आणि ‘सीडी’ त्यात नेते. या चारही पॉवरशेलमध्येसुद्धा चालतात. नव्या फोल्डरात तीन फाइली करायच्या: मजकुरासाठी एचटीएमएल, रूपासाठी सीएसएस, हालचालीसाठी जावास्क्रिप्ट. गावातल्या वाचनालयाची माहिती, आजीच्या पाककृती, सोसायटीच्या गणेशोत्सवाचा कार्यक्रम, यांतले काहीही विषय म्हणून चालेल.

फाइलवर दोनदा क्लिक केले तरी पान ब्राउझरमध्ये उघडते. पण जावास्क्रिप्ट वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये विभागली, की सुरक्षेच्या नियमामुळे ब्राउझर अशा थेट उघडलेल्या पानाला ती मॉड्यूल आणू देत नाही. पान सर्व्हरकडून यावे लागते. संगणकावर पायथन असेल तर ‘पायथन, वजा एम, एचटीटीपी डॉट सर्व्हर’ एवढ्या कमांडने सर्व्हर सुरू होतो आणि पान लोकलहोस्टच्या ८००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारावर, दिसते. लोकलहोस्ट म्हणजे आपलाच संगणक, पत्ता १२७.०.०.१. तो दुवा मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवला तर त्याच्याकडे काही उघडणार नाही, कारण त्याचा लोकलहोस्ट वेगळा. सर्व्हर थांबवायला कंट्रोल आणि सी.

याच टप्प्यावर गिट शिकून घ्यावे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिहिले, कारण लिनक्सच्या कामासाठी वापरात असलेल्या बिटकीपर या साधनाची फुकट वापराची सवलत काढून घेतली गेली होती. ‘गिट इनिट’ने नोंदवही उघडते, ‘गिट ॲड’ने बदल निवडायचे आणि ‘गिट कमिट’ने ते नोंदवायचे. काही बिघडले तर मागच्या नोंदीकडे परत जाता येते, हा विश्वास नवशिक्याला धीट करतो.

नोड आणि एनपीएम

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्टचा पहिला अवतार अवघ्या १० दिवसांत उभा केला. पुढची कितीतरी वर्षे ही भाषा मुख्यतः ब्राउझरपुरतीच राहिली. २००९ मध्ये रायन डाल यांनी क्रोम ब्राउझरमधले व्ही-८ हे इंजिन घेऊन नोड तयार केले आणि जावास्क्रिप्ट थेट संगणकावर चालू लागली. त्यामुळे वेबसाइट बांधण्याची साधनेही जावास्क्रिप्टमध्येच लिहिणे शक्य झाले. पाठोपाठ २०१० मध्ये आयझॅक श्लूटर यांनी एनपीएम आणले. दुसऱ्यांनी लिहिलेली पॅकेजे एका कमांडने उतरवून घेण्याची ही व्यवस्था नोडबरोबरच मिळते. २०२० मध्ये ती गिटचे प्रकल्प ठेवणाऱ्या गिटहबच्या, म्हणजे पर्यायाने मायक्रोसॉफ्टच्या मालकीची झाली.

नोड इन्स्टॉल करताना संकेतस्थळावरची ‘एलटीएस’ लिहिलेली आवृत्ती घ्यावी; तिची डागडुजी दीर्घ काळ चालू राहते. नंतर ‘नोड, वजा व्ही’ टंकून आवृत्तीचा क्रमांक आला, की काम झाले.

साच्याची कमांड

तयार सांगाडा काढून देण्याची कल्पना जुनी आहे. २००४ मध्ये आलेल्या रूबी ऑन रेल्स या फ्रेमवर्कने, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार चौकटीने, ती लोकप्रिय केली. रिॲक्ट ही पाने बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी शिकणाऱ्यांसाठी फेसबुकने २०१६ मध्ये ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ काढले. त्याआधी वेबपॅक, बेबल अशी साधने एकमेकांना जुळवण्यातच नवशिक्याचे दिवस जात. जगभरच्या अभ्यासक्रमांनी ही कमांड उचलली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रिॲक्टच्याच चमूने ती निवृत्त केली. जुन्या व्हिडिओंत ती अजून दिसते; नव्या प्रकल्पासाठी वापरू नये.

आज तिच्या जागी बहुधा व्हीट सुचवले जाते. व्ह्यू हे फ्रेमवर्क करणाऱ्या इव्हान यू यांनी ते २०२० मध्ये आणले. कमांड ‘एनपीएम क्रिएट व्हीट’. प्रकल्पाचे नाव, फ्रेमवर्क आणि भाषा ती विचारते. इथे घाईने रिॲक्ट न निवडता ‘व्हॅनिला’, म्हणजे फ्रेमवर्कविना साधी जावास्क्रिप्ट, निवडावी. मग ‘सीडी’ने त्या फोल्डरात शिरून ‘एनपीएम इन्स्टॉल’ आणि ‘एनपीएम रन डेव्ह’. पान ५१७३ क्रमांकाच्या पोर्टवर दिसते. व्हीट लगेच सुरू होते, कारण ते सगळा प्रकल्प आधी बांधत बसत नाही. ब्राउझर जी फाइल मागेल तेवढीच तयार करून देते. फाइलमध्ये बदल करून जतन केला, की पान आपोआप बदलते.

आता पाच मिनिटे थांबून फोल्डर वाचावे. एचटीएमएलची फाइल आपण हाताने केली होती तशीच आहे. ‘सोर्स’ फोल्डरात जावास्क्रिप्ट आणि सीएसएस आहे. नवीन आहे ती ‘पॅकेज डॉट जेसन’, तिची जोडीदार ‘पॅकेज लॉक’ आणि अवाढव्य ‘नोड मॉड्यूल्स’. पॅकेज डॉट जेसन म्हणजे वाण्याला द्यायची यादी, तर लॉक फाइल म्हणजे त्याचे बिल: कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती आली, त्या पॅकेजांनी आणखी कोणती मागवली, सगळे तिथे नोंदलेले असते. नोड मॉड्यूल्समध्ये प्रत्यक्ष माल असतो. ते फोल्डर खुशाल पुसावे, ‘एनपीएम इन्स्टॉल’ने ते पुन्हा येते. म्हणूनच ते गिटमध्ये नोंदवायचे नाही, आणि तशी सूचना ‘गिटइग्नोर’ या फाइलमध्ये साच्याने आधीच लिहिलेली असते. यादी आणि लॉक फाइल मात्र जरूर नोंदवायच्या.

अकरा ओळींचा धडा

पॅकेजे फुकट मिळतात म्हणून ती बिनजोखमीची ठरत नाहीत. मार्च २०१६ मध्ये अझर कोचुलू या प्रोग्रामरचा एका पॅकेजच्या नावावरून किक या मेसेजिंग कंपनीशी वाद झाला. एनपीएमने ते नाव कंपनीला दिले, आणि कोचुलू यांनी आपली सगळी पॅकेजे काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट पॅड’ होते. मजकुराच्या डावीकडे ठरावीक जागा भरून देणारे, अवघ्या ११ ओळींचे. पण बेबलसारखी मोठी साधने आडमार्गाने त्यावर विसंबून होती, त्यामुळे जगभर प्रकल्प बांधले जाईनात. काही तासांत एनपीएमने ते परत आणले आणि पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले.

पुढचे प्रकार अधिक वाईट होते. २०१८ मध्ये ‘इव्हेंट स्ट्रीम’ या लोकप्रिय पॅकेजचा ताबा एका अनोळखी व्यक्तीकडे गेला आणि त्याच्या आडून बिटकॉइनच्या पाकिटांवर डोळा ठेवणारा कोड घुसवला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये खोट्या ईमेलला फसून एका प्रोग्रामरचे खाते हॅक झाले आणि ‘चॉक’, ‘डीबग’ यांसारख्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पॅकेजांच्या दूषित आवृत्त्या काही वेळ बाहेर पडल्या.

इन्स्टॉल होतानाच पॅकेज आपल्या संगणकावर स्वतःची कमांड चालवू शकते, हे इथे ध्यानात घ्यावे. म्हणून नावाचे स्पेलिंग नीट पाहावे. एखादे अक्षर इकडेतिकडे करून सापळा लावणारे असतात. दहा ओळींत होणाऱ्या कामासाठी पॅकेज घेऊ नये. आणि कोणीही सांगितली म्हणून ‘सुडो’ने सुरू होणारी कमांड चिकटवू नये, कारण ती संगणकाचे सर्वाधिकार देऊन टाकते.

पान मराठीत करताना

साच्यातल्या एचटीएमएलवर भाषा म्हणून इंग्रजीची खूण असते. पान मराठी असेल तर तिथे ‘एमआर’ लिहावे. त्यामुळे दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या साधनांना भाषा कळते, आणि ज्या फाँटांत तशी सोय केलेली असते त्यांत ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीची ओळ साच्यात असतेच. हाताने केलेल्या पानात ती विसरली तर देवनागरीचा चिखल होऊ शकतो.

फाइलींची आणि फोल्डरांची नावे मात्र रोमन, लहान अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता ठेवावीत. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचे असते आणि वेबपत्त्यात प्रत्येक बाइटची ३ अक्षरे होतात. ‘पुणे’ या नावात काना-मात्रा धरून ४ चिन्हे. काही ठिकाणी पत्ता कॉपी केला की त्यांची ३६ अक्षरे झालेली दिसतात. फाँटसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या चमूने केलेला ‘मुक्त’ मोफत मिळतो. आणि ओळींतले अंतर इंग्रजीपेक्षा थोडे जास्त ठेवावे. म्हणजे वेलांटी आणि उकार एकमेकांत अडकत नाहीत.

अडखळण्याच्या जागा

सगळ्यांत जास्त चूक होते ती चुकीच्या फोल्डरात कमांड चालवण्याची. ‘पॅकेज डॉट जेसन सापडली नाही’ अशा अर्थाची ओळ आली, की आधी ‘पीडब्ल्यूडी’. ‘कमांड सापडली नाही’ असे आले तर इन्स्टॉलनंतर टर्मिनल बंद करून पुन्हा उघडावे. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘स्क्रिप्ट चालवणे बंद आहे’ असा नकार येऊन एनपीएम अडते. तेव्हा साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये तीच कमांड चालते. प्रकल्प वनड्राइव्हमध्ये ठेवू नये, कारण नोड मॉड्यूल्समधल्या हजारो फाइली वर चढवण्यात तो गुंतून पडतो. त्रुटीचा संदेश भलामोठा असला तरी बहुधा पहिल्या काही ओळींत मुद्दा असतो. त्या शांतपणे वाचाव्यात आणि तेवढ्याच शोधाव्यात.

पान तयार झाले, की ‘एनपीएम रन बिल्ड’. ‘डिस्ट’ फोल्डरात आलेल्या फाइलीच जगासमोर ठेवायच्या. गिटहब पेजेसवर त्या फुकट ठेवता येतात. तिथे कोरे पान दिसले तर व्हीटच्या सेटिंगमध्ये ‘बेस’ या जागी प्रकल्पाचे नाव घातले आहे का ते पाहावे.

साधने बदलत राहणार. रिॲक्टची अधिकृत कमांड नऊ वर्षांत निवृत्त झाली, व्हीटचीही कधीतरी होईल. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, फोल्डर, पोर्ट आणि गिट यांची ओळख मात्र पुढच्या प्रत्येक साधनाला उपयोगी पडेल. तेव्हा या सुट्टीत पहिला प्रकल्प रिकाम्या फोल्डरात हाताने करा, दुसऱ्याला साचा वापरा आणि साच्याने दिलेली एकही फाइल न उघडता पुढे जाऊ नका.