रामलिंग घाटातली बार्शी लाईट

मी सोलापूरच्या भवानी पेठेतून बोलते आहे. श्रावणात आमच्या बचत गटातल्या बायका येडशीजवळ रामलिंगाच्या दर्शनाला गेलो होतो. तिथल्या घाटात रेल्वेचा जुना पूल आहे, पण त्यावरून गाडी जात नाही. गटातल्या एका नव्या सुनेनं विचारलं, "ताई, इथं कुठली गाडी होती?" तिला सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते.

ही बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं ती उभी केली. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. पुढे रूळ १९०६ला पंढरपूरला, १९११ला लातूरला आणि १९२७ला मिरजेला पोचले. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. मोठ्या लाईनीचं साडेपाच फूट असतं. अरुंद रूळ घाटातल्या वळणांवर सहज बसतात आणि खर्चही कमी येतो. बार्शी-लातूरचा माल आणि पंढरीचे वारकरी याच गाडीनं जात.

अडचण होती कुर्डुवाडीला. तिथं प्रत्येक पोतं छोट्या गाडीतून उतरवून मोठ्या गाडीत चढवावं लागे. वेळ जाई, हमाली पडे. म्हणून रुंदीकरण झालं. धाराशिव जिल्ह्याचं ठिकाण, पण जुन्या मार्गावर नव्हतं. नवा मार्ग तिकडून वळवला. २००८ साली कुर्डुवाडी-लातूर मोठी लाईन पुरी झाली. धाराशिवला गाडी आली आणि रामलिंग घाटाची गेली.

आमच्या गटातल्या एका काकूंचं माहेर त्या बाजूचं. त्या म्हणाल्या, "आई सीताफळाची पाटी घेऊन गाडीत बसायची. दुपारपर्यंत पाटी रिकामी, अन् मीठ-मिरचीचे पैसे तिच्या हातात." गाडी गेल्यावर ही कमाई गेली, पण ती कुठल्याच कागदावर नव्हती.

मैत्रिणींनो, धाराशिवला गाडी हवीच होती. पण रस्ता, रेल्वे किंवा एसटीचा थांबा बदलायची चर्चा तुमच्या गावात निघाली, तर ग्रामसभेला जा. आपल्यापैकी किती जणी त्या थांब्यावर पोट भरतात, ते मोजून सांगा आणि ठरावात लिहून घ्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला आजच विचारा, "आजी, तू गाडीनं काय विकायला न्यायचीस?" ती सांगेल ते गटाच्या वहीत उतरवून ठेवा.