हंगामाच्या शेवटी पाठ का दुखते?

अकोटच्या मैदानावर शालेय क्रिकेट पाहताना आम्हाला नेहमी एक चित्र दिसते. संघ हरत आलेला, हंगाम संपत आलेला आणि एकुलता एक वेगवान गोलंदाज कंबर धरून उभा. 'एवढा सामना टाक, मग आराम कर,' असे त्याला सांगितले जाते.

गोलंदाजाचा पुढचा पाय आदळतो तेव्हा वजनाच्या कित्येक पट धक्का कमरेच्या मणक्यांपर्यंत पोचतो. त्यांत सूक्ष्म तडे जातात. हाड जिवंत असल्याने ते बुजतातही, पण रीत गवंड्याची: आधी खणायचे, मग भरायचे. काही पेशी खराब भाग काढतात, त्याला साधारण ३ आठवडे. दुसऱ्या पेशी नवे हाड भरतात, त्याला ३-४ महिने. मधल्या काळात हाड उलट कमजोर! तेव्हाही मारा चालू राहिला तर तडे वाढत जाऊन हाड मोडते.

विदर्भाच्या उमेश यादवला २०१२ मध्ये, पंचविशीत, अहमदाबाद कसोटीनंतर पाठीमुळे मालिका सोडावी लागली. शाळकरी मुलांचे मणके तर अजून पक्केही झालेले नसतात.

म्हणून सरावातलेही चेंडू मोजावेत. मागे वाकताना कमरेत एकाच बाजूला दुखत असेल, तर मुलाला बसवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीचा तडा क्ष-किरण चित्रात बहुधा दिसत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे.